लॅपटॉप हळू चालतोय? एसएसडी टाकायची की नाही, हे आधी वहीत ठरवा



मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त फोन एकाच प्रश्नाचे आले. नायगाव, नरसी, कुंटूर, बिलोली, मुखेड, सगळीकडून एकच: "सर, लॅपटॉप लई हळू चालायलाय. एसएसडी टाकू का नवाच घेऊ?"

फोनवर मी कोणालाच "टाका" म्हणालो नाही आणि "नका टाकू" असंही म्हणालो नाही. कारण हा प्रश्न दिसतो कॉम्प्युटरचा, पण आहे धंद्याचा. दुकानातले चार हजार रुपये कुठं लावायचे, एवढाच प्रश्न आहे. त्या चार हजारांत कागदाची रीम येते, टोनर येतो, पावसाळ्याआधी पत्र्याचं काम होतं. म्हणून आज सगळं लिहूनच देतो. वाचायला दहा-बारा मिनिटं लागतील. वही-पेन घेऊन बसा.

माझीच चूक आधी सांगतो

माझं दुकान झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि स्टेशनरीचं. सुरुवातीला सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता, साधी हार्ड डिस्क असलेला. दोन वर्षांनी तो हळू झाला. चालू व्हायला सहा-सात मिनिटं. मधूनच आतून टक-टक आवाज यायचा. मला कळत होतं, डिस्क बदलायला पाहिजे. पण दर महिन्याला वाटायचं, या महिन्यात नको, शाळा सुरू होऊ दे, मग बघू.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि एके सकाळी लॅपटॉप चालूच झाला नाही. काळी स्क्रीन, आणि डिस्क सापडत नाही असा मेसेज.

त्या डिस्कमध्ये माझं उधारीचं खातं होतं. एक्सेलची एकच फाइल, एकेचाळीस हजारांची उधारी. दुसरीकडं कुठंच कॉपी नाही. नांदेडला डिस्क घेऊन गेलो, तर डेटा काढायचा खर्च लॅपटॉपच्या किमतीएवढा सांगितला, आणि तोही निघेलच याची खात्री नाही.

मग काय केलं? लोकांवर विश्वास ठेवला. जो आला त्याला खरं सांगितलं, "खातं गेलंय, तुम्हाला आठवत असेल तेवढं सांगा." एक आजोबा आले, बंडीच्या खिशातून छोटी डायरी काढली आणि म्हणाले, "तुझे तीनशे वीस राहिलेत बघ माझ्याकडं, लिहून घे." त्या दिवशी मला रडू यायचं बाकी होतं. तीन भागांतले दोन भाग पैसे असे लोकांच्या इमानदारीवर परत आले. तिसरा भाग गेला तो गेलाच. पण दोष त्या लोकांचा नाही. मीच बॅकअप घेतला नव्हता.

यातून दोन गोष्टी शिकलो. पहिली, डिस्क हळू झाली म्हणजे कधी कधी ती आजारी असते. दुसरी, वेग नंतर, बॅकअप आधी. हा लेख वाचून एसएसडी घ्या की नका घेऊ, बॅकअप मात्र आजच घ्या.

हार्ड डिस्क हळू का असते?

थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे दुकानदार जे सांगेल ते नुसतं ऐकून घ्यावं लागणार नाही.

जूनमध्ये स्टेशनरीच्या दुकानात काय होतं आठवा. आई-वडील शाळेची यादी घेऊन येतात, त्यात चौदा वस्तू. माल मागच्या गोदामात. पोरगा एक वही आणायला आत जातो, बाहेर येतो, मग कंपासपेटीसाठी परत आत जातो. पोरगा आळशी नाही, पण चौदा फेऱ्या म्हटलं की वेळ लागणारच. हार्ड डिस्कचं असंच असतं. आत एक तबकडी फिरते आणि त्यावर एक काटा इकडून तिकडं सरकत माहिती वाचतो. लॅपटॉपची साधी डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते. म्हणजे एक फेरी साधारण ११ मिलिसेकंदांची. काटा सरकायचा वेळ धरला तर एक छोटी फाइल सापडायला सुमारे १५ मिलिसेकंद. ऐकायला कमी वाटतं, पण विंडोज चालू होताना अशा हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात. सेकंदाला साठ-सत्तर फेऱ्या, यापुढं त्या पोराची ताकदच नाही.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये. सगळा माल काउंटरच्या मागच्या रॅकवर लावून ठेवलाय, हात लांबवला की वस्तू हातात. छोटी फाइल मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहूनही लवकर मिळते. फरक जाणवतो तो इथं. डब्यावर लिहिलेला "सेकंदाला ५५० एमबी" हा आकडा मोठी फाइल सलग कॉपी करण्याचा असतो. आपल्या रोजच्या कामात छोट्या फाइलींचाच खेळ जास्त.

पण गोदामातून माल लवकर आला, तरी गिऱ्हाइकानं पैसेच दिले नाहीत तर बिल होईल का? नाही. तसंच, थांबणं डिस्कमुळं नसेल तर एसएसडी टाकून काही होत नाही. इथंच माझी दुसरी चूक झाली.

पायरी १: नक्की कोण थांबवतंय ते शोधा

देगलूर रोडवरच्या एका गावातल्या ताई माझ्याकडं आल्या. बचत गटातून कर्ज घेऊन फॉर्म भरण्याचं केंद्र सुरू केलेलं. म्हणाल्या, "दादा, एकेका फॉर्मला अर्धा तास लागायलाय, लोक उठून दुसरीकडं जायलेत." मी लॅपटॉप बघितला, जुनी हार्ड डिस्क दिसली आणि लगेच म्हणालो, एसएसडी टाका. टाकली. लॅपटॉप चालू व्हायचा वेळ सहा मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आला. दोघंही खूश.

आठ दिवसांनी ताईंचा फोन. "दादा, चालू पटकन होतो, पण फॉर्मला तेवढाच वेळ लागायलाय."

मी त्यांच्या गावी गेलो तेव्हा कळलं, केंद्रात मोबाइलची रेंजच नीट येत नव्हती. हॉटस्पॉटवर काम चालायचं, तेही आतल्या खोलीत. मोबाइल खिडकीत ठेवला तर फॉर्म निम्म्या वेळात होऊ लागला. म्हणजे पहिला उपाय फुकटचा होता. बसवायची मजुरी मी परत दिली, पण एसएसडीचे पैसे तर त्यांचे गेलेच. कर्जातून घेतलेले पैसे होते ते. त्या दिवसापासून मी तपासल्याशिवाय कोणालाही एसएसडी सांगत नाही.

तपासणी तीन प्रकारची आहे. तिन्ही फुकट, तिन्ही तुम्हाला स्वतः जमतात.

तपासणी एक: टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. परफॉर्मन्स हा भाग उघडा. तिथं सीपीयू, मेमरी, डिस्क असे आकडे दिसतात. आता तुमचं रोजचं काम करा: ब्राउझर उघडा, स्कॅन करा, पीडीएफ बनवा. काम अडलं की आकडे बघा.

• डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली, सीपीयू दहा-वीस टक्क्यांवर, मेमरी साठ-सत्तरवर: अडथळा डिस्कचा. एसएसडीचा फायदा होईल.
• मेमरी ९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं, त्यामुळं डिस्कही १०० दिसते. इथं फसू नका. आधी रॅम वाढते का बघा.
• सीपीयूच सतत १०० टक्के: एखादा प्रोग्रॅम अडकलाय, दोन-दोन अँटिव्हायरस चालू आहेत, किंवा प्रोसेसरच कामाला कमी पडतोय.
• सगळे आकडे खाली आणि पान मात्र गोल-गोल फिरतंय: इंटरनेट किंवा समोरची साइट. लॅपटॉपला बोल लावू नका.

याच पानावर डिस्कच्या नावाजवळ एचडीडी की एसएसडी तेही लिहिलेलं असतं. माझ्याकडं आलेल्यांत असेही निघाले, ज्यांच्या लॅपटॉपमध्ये आधीपासून एसएसडीच होती.

तपासणी दोन: मोबाइलवर तेच पान. लॅपटॉपवर जी साइट अडतेय, तीच त्याच नेटवर मोबाइलमध्ये उघडा. तिथंही अडत असेल तर एसएसडीचा काही संबंध नाही. नेट बदलून बघा, जागा बदलून बघा, वेळ बदलून बघा. खरीप २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हाची गर्दी तुम्हाला आठवत असेल. शेवटची तारीख ३१ जुलै होती, ती पुढं ३ ऑगस्टपर्यंत वाढली. अशा शेवटच्या दिवसांत सगळ्या राज्यातले लोक एकाच वेळी अर्ज भरतात. तेव्हा दोन लाखांचा लॅपटॉप असला तरी थांबावंच लागतं. तिथं उपाय वेगळा: कागद आदल्या दिवशी घ्या, स्कॅन करून नावानं फोल्डर लावून ठेवा आणि पहाटे किंवा रात्री अर्ज भरा.

तपासणी तीन: डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क चांगली आहे, धोक्याच्या काठावर आहे की खराब झाली आहे, ते रंगात दाखवतं. पिवळा किंवा लाल रंग दिसला, किंवा टक-टक आवाज येत असेल, तर पुढचा हिशोब करत बसू नका. आधी डेटा बाहेर काढा. मी थांबलो होतो, काय झालं ते वर वाचलंत.

आणि हो, सी ड्राइव्ह लाल पट्टीपर्यंत भरलेली असेल तर आधी ती मोकळी करा. लॅपटॉप चालू होताना आपोआप उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. कधी कधी एवढ्यावरच भागतं.

पायरी २: थांबण्याची किंमत काढा

समजा तपासणीत दोष डिस्कचाच निघाला. तरी लगेच दुकानात पळू नका. आता वही उघडा.

फॉर्म भरण्याच्या एका केंद्राचं उदाहरण घेऊ. हे आकडे समजायला सोपे म्हणून धरले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

• दिवसाला गिऱ्हाइकं: २५
• एका गिऱ्हाइकाला लागणारा वेळ: १२ मिनिटं
• त्यातली डिस्कमुळं वाया जाणारी: २ मिनिटं
• दिवसाला वाया: ५० मिनिटं

एसएसडी टाकल्यावर एका गिऱ्हाइकाला १० मिनिटं लागतील. वाचलेल्या ५० मिनिटांत पाच गिऱ्हाइकं होतील. आपण चारच धरू. एका कामामागं खर्च जाऊन ३० रुपये सुटतात असं समजू. दिवसाचे १२० रुपये.

आता बहुतेक जण लगेच १२० गुणिले ३० करतात आणि म्हणतात, महिन्याला ३,६०० सुटले! थांबा. हा हिशोब खोटा आहे.

का खोटा? कारण वाचलेल्या वेळेचे पैसे तेव्हाच होतात, जेव्हा बाहेर माणूस उभा असतो. दुपारी तीनला दुकानात चिटपाखरू नाही, तेव्हा दोन मिनिटं वाचवून काय करणार? मोबाइलच बघणार. म्हणून महिन्यात खरी रांग किती दिवस असते ते मोजा. शिष्यवृत्तीचे दिवस, दाखल्यांचे दिवस, बाजाराचा दिवस. समजा आठ दिवस. मग फायदा १२० गुणिले ८, म्हणजे महिन्याला ९६० रुपये.

आता खर्च:

• एसएसडी: २,९०० रुपये
• बसवणं आणि सॉफ्टवेअर: ६०० रुपये
• जुन्या डिस्कला बाहेरून यूएसबीनं जोडायची केस: ५०० रुपये
• एकूण: ४,००० रुपये

चार हजार भागिले ९६०. म्हणजे साधारण सव्वाचार महिन्यांत पैसे वसूल. चांगला सौदा आहे. यात लॅपटॉप अजून दीड-दोन वर्षं टिकला तर उरलेला सगळा फायदा.

हाच हिशोब चाळीस हजारांच्या नव्या लॅपटॉपला लावा. वाचणारा वेळ तेवढाच धरला, तर ४०,००० भागिले ९६०, म्हणजे जवळपास ४२ महिने. साडेतीन वर्षं! आणि हप्त्यावर घेतला तर व्याज वेगळं. म्हणून नुसत्या वेगासाठी नवा लॅपटॉप, हे आपल्यासारख्या छोट्या धंद्याला बहुतेक वेळा परवडत नाही.

एसएसडीची किंमत मी धरलीय, ती जशीच्या तशी मिळेल असं समजू नका. २०२५च्या शेवटापासून मेमरी आणि एसएसडीचे भाव चढले आहेत. ज्या दिवशी घ्यायची त्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा आणि तो आकडा हिशोबात टाका. वसुली चारऐवजी सहा महिन्यांवर गेली तरी चालेल. दीड वर्षावर गेली तर विचार करा.

अजून एक. "सकाळी चालू व्हायला सात मिनिटं लागतात" हे कारण खर्चात धरू नका. दुकानाचं शटर उघडलं की आधी बटण दाबा, मग झाडझूड करा, उदबत्ती लावा. सात मिनिटं गेली, एक रुपया लागला नाही.

पायरी ३: या पाच ठिकाणी पैसे घालू नका

१. लॅपटॉपमध्ये आधीच एसएसडी आहे. साध्या साटा एसएसडीवरून महागड्या एनव्हीएमई एसएसडीवर गेलात तर कागदावरचा वेग कितीतरी पट वाढतो, पण फॉर्म, टॅली, टायपिंग यात हाताला फरक लागत नाही. मोठे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला लागतो.

२. स्वस्तातला छोटा लॅपटॉप, ज्यात ३२ किंवा ६४ जीबीची मेमरी बोर्डवरच चिकटवलेली असते. तिला ईएमएमसी म्हणतात. ती काढून बदलता येत नाही. एखाद्या मॉडेलमध्ये जास्तीची जागा असते, पण ती उघडून खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

३. रॅम ४ जीबी किंवा त्याहून कमी आणि वाढवायची सोय नाही. एसएसडीनं थोडं सुसह्य होईल, पण दहा टॅब उघडले की परत तेच. रॅम वाढत असेल तर दोन्हींचा खर्च एकत्र धरून हिशोब करा.

४. विंडोज ११ चालत नाही असा जुना लॅपटॉप. हा मुद्दा नीट वाचा. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. पाचव्या-सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकलीत तर तो पळेल, पण सुरक्षित होणार नाही. ज्या लॅपटॉपवर लोकांचे आधार, बँक पासबुक आणि डिजिटल सही चालते, तिथं हा धोका मोठा. असा लॅपटॉप स्कॅनिंग, टायपिंग, प्रिंटिंगला ठेवा आणि पैशांचं काम दुसऱ्यावर करा. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायची सोय आहे, पण तीसुद्धा ठरावीक काळापुरतीच. म्हणजे ती सोय थोड्या दिवसांचीच.

५. बाकी अंग मोडलेलं आहे. बिजागरी तुटलीय, बॅटरी पाच मिनिटं टिकत नाही, कीबोर्डची चार बटणं चालत नाहीत. माझा ठोकताळा असा: सगळी दुरुस्ती मिळून तसाच चांगला सेकंडहँड लॅपटॉप जेवढ्याला मिळतो त्याच्या निम्म्याच्या वर जात असेल, तर थांबा. एका बैलाची शिंगं रंगवून दुसरा लंगडा बैल नांगराला चालत नाही.

बॅटरीचं आपल्याकडं विशेष बघा. लाइट कधी जाईल सांगता येत नाही. बॅटरी मेलेली असली की लाइट गेल्या क्षणी लॅपटॉप बंद पडतो, आणि असं वारंवार झालं की हार्ड डिस्क असो की एसएसडी, फाइली खराब होतात. कधी कधी एसएसडीच्या आधी बॅटरी किंवा छोटा यूपीएस घेणं जास्त शहाणपणाचं ठरतं.

पायरी ४: घेताना काय बघायचं

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक अडीच इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. थोड्या नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.टू एसएसडी बसायची जागा असते. इथं घोळ होतो. एम.टू हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटाही येते आणि एनव्हीएमईही येते, दोन्ही दिसायला सारख्याच. तुमच्या मॉडेलला कोणती चालते ते मॉडेल नंबर टाकून बघा, किंवा लॅपटॉप दुकानात नेऊन उघडून दाखवा. अंदाजानं मागवू नका.

किती जीबीची? फॉर्म, टायपिंग, टॅलीला २५६ जीबी पुरते. फोटो स्टुडिओ किंवा लग्नाचे व्हिडिओ असतील तर ५१२. पण सगळ्या लग्नांचा साठा एसएसडीवर करू नका, महाग पडतं. चालू असलेलं काम एसएसडीवर, झालेली कामं मोठ्या स्वस्त हार्ड डिस्कवर. ज्या जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह आहे, तिथं ती काढून कॅडीमध्ये जुनी डिस्क बसवता येते. मग दोन्ही आतच राहतात. एसएसडी काठोकाठ भरू नका, पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

बिल घ्याच. पक्कं बिल नसेल तर तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी फक्त डब्यावर राहते. तुमचं नियमित जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर बिलावर तुमचा नंबर टाकायला सांगा, भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर ते मिळत नाही, तेव्हा पूर्ण रक्कम खर्चात धरा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पायरी ५: बदलायच्या दिवशी

रांगेचा दिवस सोडून, शांत दिवस निवडा. दुपारी दोनला "आत्ता होतंय" म्हणून सुरू केलेलं काम रात्री दहाला संपलेलं मी पाहिलंय.

आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या. घेतलेली कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली नाही तर तो बॅकअप नाही.

मग दोन रस्ते आहेत. एक, क्लोन: जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या एसएसडीवर. क्लोनझिला हे फुकट साधन आहे, आणि काही कंपन्या एसएसडीबरोबर स्वतःचं सॉफ्टवेअरही देतात. दुसरा, विंडोज नव्यानं टाकणं. जुन्या लॅपटॉपमध्ये कचरा फार साचला असेल किंवा डिस्क आजारी असेल, तर नव्यानं टाकणं बरं. लायसन्सची चिंता नको. विंडोज १० आणि ११ चं डिजिटल लायसन्स बहुतेक मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी ते परत चालू होतं.

नव्यानं टाकणार असाल तर ही यादी आधी लिहून काढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुकान बंद राहील:

• अंगठा लावायच्या मशीनचं आरडी सर्व्हिस आणि ड्रायव्हर
• डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर
• प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर
• टॅलीचं लायसन्स: फॉरमॅट करण्याआधी सरेंडर करा
• मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आणि पत्रिका, बॅनरला लागणारे फॉन्ट
• ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले पासवर्ड
• बिटलॉकर चालू असेल तर तो आधी बंद करा किंवा त्याची की वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा

जुन्या डिस्कचं काय?

काम झाल्यावर जुनी डिस्क एक महिना हातही न लावता ठेवा. काही राहून गेलेलं याच महिन्यात आठवतं. डिस्क निरोगी असेल तर नंतर ती केसमध्ये घालून बॅकअपला वापरा.

पण ती विकू नका, भंगारात तर अजिबात देऊ नका. तुम्ही डिलीट केलेली फाइल डिस्कमधून पुसली जात नाही, ती परत काढता येते. तिच्यात आपल्या गावातल्या शेकडो लोकांचे आधार, सातबारा, पासबुक आहेत. लोकांनी ते आपल्यावर विश्वास ठेवून दिलेत. टाकायचीच असेल तर क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट करा. आजारी डिस्क असेल तर ड्रिल मशीननं आरपार दोन-तीन भोकं पाडा.

आणि एसएसडी आली म्हणून बॅकअप सोडू नका. हार्ड डिस्क मरायच्या आधी बहुतेक वेळा टक-टक करून सांगते तरी. एसएसडी अनेकदा न सांगता जाते, आणि तिच्यातून डेटा काढणं जास्त अवघड. मी आता रोज संध्याकाळी दुकान बंद करताना उधारीची फाइल पेनड्राइव्हवर घेतो आणि तो पेनड्राइव्ह घरी नेतो. दोन मिनिटांचं काम आहे.

तुमचा गृहपाठ

उद्यापासून तीन दिवस काउंटरवर एक वही ठेवा. चार रकाने आखा: वेळ, काय काम चालू होतं, किती मिनिटं थांबलो, बाहेर गिऱ्हाईक उभं होतं का. जेव्हा जेव्हा लॅपटॉपसमोर हात बांधून बसाल, तेव्हा एक ओळ लिहा. लिहिताना टास्क मॅनेजरचे आकडेही बघा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेरीज करा. डिस्कमुळं थांबलो आणि बाहेर माणूस उभा होता, एवढ्याच मिनिटांची. त्या मिनिटांचे रुपये करा, आणि त्या दिवशीचा एसएसडीचा भाव शेजारी लिहा. सहा महिन्यांत वसूल होत असेल तर बिनधास्त टाका. होत नसेल तर ते चार हजार धंद्यात दुसरीकडं लावा, आणि लॅपटॉप शटर उघडल्याबरोबर चालू करा.

त्या ताईंचं केंद्र आज चांगलं चाललंय. मागच्या महिन्यात त्यांनी ब्रॉडबँड घेतलं. घेण्याआधी मला फोन केला होता, पण सल्ला विचारायला नाही. म्हणाल्या, "दादा, तीन दिवस वहीत लिहिलं. पाच महिन्यांत वसूल व्हायलंय. घेऊन टाकते."

मी म्हणालो, घ्या.

पुढच्या व्हिडिओत बघू, उधारीचं खातं कसं ठेवायचं. तोपर्यंत बॅकअप घ्या.